पळीभर तेलाची तक्रार

एलियासने शाईपेनाचं टोपण काढून दातांत धरलं, पाटावर कागद सपाट केला आणि पाट मामीच्या पुढ्यात सरकवला. साराबाईंनी पाटाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

“इथं. या ओळीवर. नुसतं नाव.”

“आज वार कुठला?”

एलियासने टोपण दातांतून काढलं. “मामी, वार कुठला ते मला माहीत आहे.”

“म्हाईत असून आलास म्हंजे जास्तच झालं.”

निडी गावात शनिवार ओळखायला कॅलेंडर लागत नसे. तेलिणीचा घाणा गप्प असला की शनिवार. बाकीचे सहा दिवस लाकडाची ती कुरकुर पहाटेपासून अख्ख्या आळीला ऐकू जायची; सातव्या दिवशी बैल आवळ्याच्या झाडाखाली मोकळा बसून रवंथ करायचा, चूल थंड, आदल्या दिवशी शिजवलेलं अन्न झाकून ठेवलेलं. गाव या यहुदी तेल्यांना शनवार तेलीच म्हणे. एके काळी त्यांची सहा घरं होती. पाच घरं मुंबईला गेली आणि मुंबईहून बोटीत बसून इस्रायलला गेली. साराबाई राहिल्या. घाणा त्यांच्या आईचा होता, नवरा घरजावई होऊन आला होता, आणि आता तो नसला तरी घाणा होता. लेक तिकडे बीरशेबा नावाच्या वाळवंटातल्या गावी. मुलगा इझिकेल फौजेत, तेजपूरला. घाण्यावर गुणाजी नावाचा एक गडी आणि त्याच्यावर साराबाईंची जीभ; दोन्ही रोज चालायचे.

आजोळी, पेणला, त्या दोन यत्ता शिकल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर त्या रोज संध्याकाळी पंचायतीच्या रेडिओपुढे बसत आणि जगातल्या झाडून सगळ्या देशांचा हिशोब चुकता करत. गोव्यातून पोर्तुगीज गेले त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “पाव्हण्याला चपला सापडायला साडेचारशे वर्षं लागली.” आणि या हिवाळ्यात हिंदुस्थान-चीनची समजूत घालायला कोलंबोला सहा देश जमले, तेव्हा सगळं गाव आशेनं बातम्या ऐकत असताना त्या पदर झटकून उठल्या होत्या. “भावाभावांच्या बांधावर सहा शेजारी बसवले, की बांध सहा जागी सरकतो. लिहून ठेवा.” कुणी लिहून ठेवलं नाही, पण विसरलंही नाही.

एलियास त्यांच्या नणंदेचा मुलगा. मुंबईत कारकून होता, आणि समाजाच्या कमिटीचं लिहिण्या-वाचण्याचं काम संध्याकाळी तोच बघायचा. तो खरं तर शुक्रवारी दुपारीच पोचणार होता. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच धरमतरच्या खाडीत ओहोटीला चिखलात बसली ती सहा तास हललीच नाही. रात्र त्याने पेणला इस्रायल आळीत काढली आणि सकाळच्या रोह्याच्या गाडीने इथे उतरला. तीनची गाडी पकडली तरच त्याला परतीची लाँच मिळणार होती. अंगातला शर्ट पाठीला चिकटला होता. बुटांवर अजून खाडीचा चिखल होता.

“मामी, नीट ऐक. लीयाचं लग्न अडलंय.”

लीया म्हणजे साराबाईंच्या लेकीची लेक. दहा वर्षांची असताना गेली. आता वीस वर्षांची, तिकडच्या इस्पितळात नर्स. लग्नाचं साराबाईंना पत्राने कळलं होतं. मुलगा रुमानियातून आलेल्या घरातला, त्याच इस्पितळात औषधं देतो, सालस आहे. अडल्याचं कुणी कळवलं नव्हतं.

“अडलं म्हंजे? पोरगा फिरला?”

“पोरगा नाही फिरला. तिकडे लग्नं धर्मगुरूंच्या कचेरीतून लागतात. त्यांनी हुकूम काढलाय. कोकणातून आलेल्या आपल्या लोकांनी आधी पुरावा द्यायचा. आई यहुदी होती का, आईची आई होती का, तिची आई होती का. जमेल तितकं मागं जायचं. पुरावा पटला तर लग्न.”

“अन् नाय पटला तर?”

एलियासने कागदाची दुमडलेली कड नखाने सरळ केली.

साराबाई हळूहळू ताठ बसल्या. त्या रागावल्या की आवाज चढत नसे, उतरायचा.

“हे सगळ्यांना इचारतात?”

“आपल्याला विचारतात.”

“रुमानियावाल्यांना?”

“नाही.”

“पोलंडवाल्यांना? ते मोरोक्को का काय, त्यांना?”

“मामी, वेळ नाही मला.”

“सगळी दुनिया एका पंगतीला बसली, अन् वाढपी आमच्याच पुढं येऊन म्हनतो, ताट कुठनं आणलंस? नवगावच्या किनाऱ्याला आमच्या वाडवडलांचं गलबत फुटलं तवा सात बाया अन् सात बापे पोहून वर आले, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यांनी अंग वाचवायचं का दप्तर? माझा इझिकेल गेला ना फौजेत. बर्फात उभा ऱ्हायला. त्याच्या हातात बंदूक देताना हिंदुस्थाननं इचारलं नाय, का तुझ्या आजीची आजी कोन होती. इचारलं, छाती किती इंच. सांगितली. दिली बंदूक. याला म्हनतात देश.”

“तिकडे लोक बोलतायत याच्याविरुद्ध. सगळे धर्मगुरूही एका मताचे नाहीत. हा हुकूम आज ना उद्या जाईल. पण लीयाचं लग्न आत्ता आहे. पोराच्या आईने वल्हांडणाच्या सणापर्यंत मुदत दिलीय. मंगळवारी बैठक आहे, कमिटीचा माणूस उद्या पहाटे विमानाने निघतोय. हा कागद त्याच्या हातात पडला नाही, तर पुढची बैठक उन्हाळा उलटल्यावर.”

“वाच. काय इचारलंय बघू.”

एलियासने वाचलं. आईचं नाव? एस्तेरबाई. तिच्या आईचं? हन्नाबाई, पेणची. कुणी जातीबाहेर लग्न केलं होतं का? “तुझ्या बापालाच जात बघून दिली व्हती आम्ही,” साराबाई म्हणाल्या, “नायतर बुद्धी बघून दिली असती.” एलियासने “नाही” एवढंच लिहिलं. त्याच्या हातातलं पेन कागदावर फिरत होतं, त्याकडे साराबाईंनी बघितलं नाही. ते त्याचं पाप होतं, ते त्याच्याजवळ.

“लेखी पुरावा? आईचा लग्नाचा करार?”

“पेटी नागोठण्याला भावकीत ठेवली व्हती. अंबा नदीच्या पुरात गेली. पेटीबरोबर गोठाही गेला, पण ते नाय इचारत वाटतं.”

“मग राहिली तुझी सही.” एलियासने पेन पुन्हा पाटावर ठेवलं. “आईकडची आजी जिवंत आहे आणि स्वतःच्या हाताने लिहून देते, हाच पुरावा. दुसरा नाहीच.”

“तारे दिसले, शनवार सुटला, का करीन.”

“तारे दिसेपर्यंत लाँच निघून जाईल!”

“मग जाऊ दे.”

“मामी, देवाला कळतं गं. एका नावाने काय होतंय?”

“एका नावानं काय होत नाय, तर तेच मागायला शंभर मैल का आलास?”

एलियास उठला, ओटीवरून खाली उतरला, बैलापर्यंत गेला आणि परत आला. शहरातल्या माणसाला रागात चालायला जागा लागते. “खरं सांगू? शनिवार हे निमित्त आहे. तुला राग आलाय, तुला विचारलं याचा. तुला सही करायचीच नाही. काल आलो असतो तरी तू काहीतरी काढलंच असतंस. पोरीचं लग्न मोडेल, पण तुझी मान वाकायची नाही.”

 पदराखाली साराबाईंच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांवर दाबली गेली. तो काल आला असता तर सही केली असती का, हे त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडे कुणीतरी कोंबडीला हाकललं. कोंबडी कुठे दिसत नव्हती.

“एलियास आलाय वाटतं,” कुंपणापलीकडची बाई म्हणाली. “आवाज पार तळ्यापर्यंत गेला, म्हनून म्हटलं.”

मेंदीच्या कुंपणात एक माणूस जाईल एवढी वाट होती. त्या वाटेच्या पलीकडच्या कडेला गिरजाबाई उभ्या होत्या. पंचावन्नच्या असतील, भातशेतीवर वाळलेलं काटक शरीर, कमरेला खोचलेला विळा. या घराला आणि त्या घराला एकच बांध, एकच वारा, एकच पाखरं. आणि दोघींचा अबोला छत्तीस वर्षांचा. बोलायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस लागे. लीया इथे होती तोवर ती निरोप नेई. पाच वर्षांची पोर कुंपणाच्या वाटेत उभी राहून दोन्हीकडच्या शिव्या न चुकता पोचवायची आणि दोन्हीकडचा गूळ खायची. लीया गेली तशी बैलाच्या नावाने बोलणं सुरू झालं.

“तिला सांग,” साराबाई एलियासला म्हणाल्या, “आपली कोंबडी आपल्या परड्यात शोधावी.”

“तिला सांग, कोंबडीला हद्द कळत नाय. चीनला कळत नाय, कोंबडीला काय कळंल?”

“तिला सांग, चीनच्या मागं सैन्य हाय. कोंबडीच्या मागं कोन हाय?”

एलियासने दोन्ही हात वर केले. “मी काय कोलंबो आहे का? गिरजाकाकी, इथे लीयाचं लग्न मोडायला आलंय, आणि तुम्हाला कोंबडी!”

गिरजाबाईंचा हात विळ्याच्या मुठीवर थांबला. “कुठली लीया? आमची?”

एलियासने सांगितलं. थोडक्यात सांगायला गेला, पण गिरजाबाई मध्ये मध्ये विचारत राहिल्या, आणि सगळंच सांगावं लागलं: धर्मगुरू, हुकूम, आईची आई, मंगळवार, तीनची गाडी. साराबाई तोंड फिरवून बैलाकडे बघत होत्या.

“मग सही करायला तिचा हात मोडलाय का, इचार.”

“आज शनिवार आहे, काकी.”

“काय हाय?”

“शनिवार. शनिवारी ती लिहीत नाही.”

गिरजाबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. छत्तीस वर्षं पोटात ठेवलेलं कुणी असं आयतं समोर आणून ठेवलं, की श्वास घ्यावाच लागतो.

“शनवार! अरे, या घराची ही खोडच हाय. लेकीची लेक मेली तरी चालंल, पन शनवार मोडायचा नाय. मला शिकवतोस? माझा गोविंदा झाला तो शनवारीच. पयलं बाळंतपण, सतरा-अठराची मी. दुपारी कळा सुरू झाल्या, दिवेलागणीला पोर बाहेर आलं, आन् घरात दिव्याला तेल नाय. पोराच्या टाळूवर घालायला थेंब नाय. माझी सासू धावत आली इथं, या वाटेतनं. दारात उभी ऱ्हाऊन म्हनाली, एस्तेरबाय, पळीभर तेल दे गो, नातू झालाय. घरात बुधले भरलेले. घाण्याखाली पिपं भरलेली. अन् हिची आई म्हनते कशी? आज देणंघेणं नाय. तारे दिसू दे, मग ये.”

“काकी, मला गाडी…”

“गप ऱ्हा. सासू इथंच त्या पायरीवर बसली. रडली. हिची आई आत, दार उघडं, दोघी एकमेकींना दिसतायत, पन तेल नाय. अंधारात न्हाऊ घातलं माझ्या पोराला, चुलीच्या उजेडात. म्हनून म्हनते मी, गोविंदाला आजवर वाट सापडत नाय ती तेवढ्यासाठीच. तारे दिसल्यावर पाठवलं एस्तेरबायनं. पळीभर नाय, बुधलाभर. पैसे नकोत म्हनाली. माझ्या सासूनं बुधला उचलला आन् ओढ्यात उपडा केला. तवापासनं आमच्या घरात या घाण्याचं तेल नाय. शेजारी घाणा, अन् तेल नागोठण्याहून. पावसात, पुरात, डोक्यावरनं. सासू मेली, पन मी मोडलं नाय.”

एलियासचा हात घड्याळाकडे गेला होता तो तिथेच राहिला. तो पायरीवर बसला, पाट स्वतःकडे ओढला आणि कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“काकी, हे कुठल्या साली?”

“मला काय साल म्हाईत? महाडला तळ्याचा सत्याग्रह झाला ना, त्याच सालचा पावसाळा.”

“सत्तावीस. आणि दारात नाही म्हणाली ती एस्तेरबाईच? मामीची आई?”

“मग कोन? ती काय एकली व्हती? तिची आई व्हती ना आत, पेणची म्हातारी, शेवटची दोन वर्षं इथंच ऱ्हायली. डोळ्यांनी ठार आंधळी. पन शनवारी नातीनं म्हना, गड्यानं म्हना, चूल फुंकली तर तिला धुराच्या वासानं कळायचं. अशा शिव्या घालायची, का आमच्या घरातली पोरं कान द्यायला कुंपणाशी यायची.”

“हन्नाबाई,” एलियास लिहिता लिहिता म्हणाला. “आई, आईची आई.” त्याचं पेन आता भरभर चालत होतं. “आणखी काही? म्हणजे… आणखी काही तक्रार?”

“तक्रारींना तोटा हाय का? दारफाळणीच्या सणाला हे लोक पांढरे कपडे घालून दिवसभर दार लावून बसतात. उपाशी. कुनाला शिवत नाय, बोलत नाय. एका साली त्याच दिवशी माझी गाय यांच्या परड्यात शिरली. हाका मारून घसा बसला. कुनी दार उघडलं नाय. गायीनं यांचीच दुधी खाल्ली पार देठापर्यंत, आन् हे आत बसून ऐकत ऱ्हायले. आता याला काय म्हनायचं?”

साराबाईंच्या खांद्यांना एक हलका झटका बसला. हसू होतं की उचकी, ते पाठीवरून कळलं नाही.

एलियासने लिहिणं थांबवलं आणि पेनाच्या टोकाने कपाळ खाजवलं. “एक अडचण आहे. साक्षीदार आपल्याच समाजाचा असावा असं सांगितलंय.”

“आपल्या समाजाचा आपल्याबद्दल गोडच बोलनार,” साराबाई बैलाला म्हणाल्या. “गोडबोल्याचं कोन ऐकतं? जिला छत्तीस वर्षं आमचं बरं बघवत नाय, ती सांगते का यांनी कधी शनवार मोडला नाय. हिच्यापरता साक्षीदार त्यांना यरुशलेमात तरी मिळंल का, इचार म्हनावं.”

“व्हय, बघवत नायच,” गिरजाबाई म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही.  आपण इतका वेळ काय सांगत होतो आणि तो काय लिहीत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. विळा त्यांनी कमरेतून काढून कुंपणावर अडकवला.

“वाच,” त्या म्हणाल्या. “काय लिवलंस ते वाच मला.”

एलियासने वाचलं. कारकुनाच्या मराठीत ते फार सरळ वाटत होतं: सदर गृहिणीच्या सासूने शनिवारी सूर्यास्तापूर्वी वाटीभर तेलाची मागणी केली असता…

“वाटीभर नाय. पळीभर.”

“काकी, तेवढ्याने काय…”

“पळीभर. वाटीभर मागितलं म्हटलं तर ते म्हनतील, बाई हावरट व्हती, म्हनून दिलं नाय. पळीभर लिव.”

त्याने खोडून पळीभर लिहिलं. पुढचं वाचलं. गिरजाबाईंनी मान हलवली. आता अंगठा हवा होता, आणि अंगठ्यासाठी कागद कुंपणाशी न्यावा की काय म्हणून तो उठू लागला. पण गिरजाबाईच वाटेतून आत आल्या. त्यांनी खाली बघितलं नाही, जसं काही तिथून रोजच येणं-जाणं होतं. ओटीच्या पायरीशी थांबल्या. डावा हात पुढे केला. एलियासने पेनाची शाई त्यांच्या अंगठ्यावर सोडली आणि ती चोळून पसरली.

“शेवटी एक ओळ घालतो,” तो म्हणाला. कागद पुरा होत आला की त्याला नेहमी बरं वाटायचं. “म्हणजे वाचायला बरं दिसेल. ‘तदनंतर उभय घरांचा समेट झाला असून आता काही तक्रार उरलेली नाही.’ घालू ना?”

 साराबाई बसल्या जागी वळल्या. गिरजाबाईंकडे पाठ करून बसण्याची इतकी सवय झाली होती, की वळताना त्यांचा एक गुडघा आधी वळला, मग दुसरा, मग चेहरा. समोर निळा अंगठा वर धरून उभी असलेली ती बाई कालच्यापेक्षा म्हातारी दिसत होती.

“गिरजे,” साराबाई म्हणाल्या. मध्ये एलियास नव्हता, बैल नव्हता. “त्या दिवशी मी आत व्हते. बुधला माझ्या हातात व्हता. बूच काढलं व्हतं मी. आईनं मनगट धरलं माझं. मी हिसडा मारला असता तर सुटलं असतं गो. आज सांगते तुला, मी मनातनं…”

“सारे, गप.”

साराबाई थांबल्या.

“पुढं बोलू नको. एक शब्द बोलू नको.” गिरजाबाईंनी अंगठा जपून उचलून धरला होता, शाई कुठे लागू नये म्हणून. “तू माफी मागशील, मला रडू येईल, आन् इतक्या वर्षांची तक्रार हितंच मिटंल. मिटलेल्या तक्रारीला कोन इचारतं? ते धर्मगुरू म्हनतील, दोघी गळ्यात गळा घालून बसल्यात, एकीनं दुसरीचं भलं सांगितलं. पोरीचं लगीन लागू दे आधी. मग माग काय मागायची ती.” त्या एलियासकडे वळल्या. “ती ओळ नको घालूस. लिव, का तक्रार कायम हाय. बाई आजसुद्धा नागोठण्याचं तेल खाते म्हनावं, कधीही येऊन बघा.”

एलियासने लिहिलं. गिरजाबाईंनी त्याखाली अंगठा टेकवला, दाबला, आणि जरा जास्तच वेळ दाबून ठेवला.

मग त्याने कागद उलटवला. सहीची ओळ कोरी होती. त्याने पेन तिच्यावर नेलं, क्षणभर तसंच धरलं आणि बाजूला घेतलं. खाली तारीख लिहायला जागा होती, वाराला नव्हती. तारखेच्या पुढे, समासात, त्याने बारीक अक्षरात शनिवार लिहिलं. पेनाला टोपण लावताना त्याने एकदा स्वतःच्या बोटांवरच्या शाईकडे पाहिलं आणि ती रुमालाने पुसायला लागला. ती नीट निघाली नाही.

“चालेल का हे त्यांना, काय माहीत,” तो म्हणाला.

“चालंल नायतर न चालंल,” साराबाई म्हणाल्या. “पन खोटं नाय त्यात एक अक्षर. असा कागद त्यांच्याकडं रोज येत नसंल.” मान त्यांची पुन्हा जागेवर गेली होती. “ऊठ. अडीच वाजले. पाठीमागं शिंकाळ्यात कालच्या भाकऱ्या हायत, दोन घे. गाडीतच खा. गाडीत बसून यायचं पाप केलंस, तर उपाशी राहून काय पुण्य लागनार हाय?”

एलियासने भाकऱ्या घेतल्या, कागद पाकिटात, पाकीट बनियनच्या आत घातलं, आणि दोघींना एकदमच वाकून नमस्कार केला. तो फाट्याकडे जाताना दिसेनासा होईपर्यंत दोघी बघत राहिल्या. गाडीचा भोंगा ऐकू आला. थांबल्याचा, मग निघाल्याचा आवाज आला.

गिरजाबाई अजून कुंपणाच्या अलीकडेच होत्या. त्यांनी अंगठा आवळ्याच्या खोडावर घासला, मग पदराला, मग तसाच ठेवला.

“शनवारी बोललेलं चालतं का गो तुमच्यात?”

“चालतं,” साराबाई म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या.

गिरजाबाई पायरीवर बसल्या. 

“लीया केवढी झाली असंल गो आता?”

साराबाईंनी हात जमिनीपासून वर नेला. खांद्यापाशी थांबवला. त्यांनीही तिला दहा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. मग थोडा विचार केला, आणि हात कपाळावरून, डोक्यावरून, जाईल तितका वर नेला.